चौलची वाट सर्वांसाठी खुली व्हावी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा मंगल प्रसंगी गतकार्याचा गौरव व्हावा, हे उचितच होय. तथापि पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने पुढील वाटचालीचाही विचार करावा, या हेतूने मी आज एक वेगळा विषय निवडला आहे. ज्याला चालता येत नाही, दिसत नाही वा ऐकू येत नाही, अशा माणसाला आपले चौल आणि त्याचा परिसर पाहता येतो काय, आणि येत नसेल तर त्यासाठी आपण काय करू शकतो, हा तो विषय होय. मी स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे एका पायात कॅलिपर घालून चालतो आणि लांबच्या अंतराला चाकांची खुर्ची वापरतो. त्यामुळे आज जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे अनुभवाचे आहे.

प्रारंभी आपल्या गावाचे थोडे स्मरण करू. चौल हे पुरातन बंदर. ग्रीक प्रवासवर्णनांत आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख सिमिल्ला अशा नावाने येतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुल येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी हा अरब प्रवासी येथे आला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन समुद्रमार्गे याच बंदरात उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याचा कोट बांधला. या सर्व इतिहासाचे मर्म एकच आहे. बंदराची कीर्ती तेथे माणसाला सुखरूप उतरता येते की नाही, यावर अवलंबून असते. गलबतातून माणूस, माल आणि प्रसंगी घोडासुद्धा जमिनीवर आणण्याची व्यवस्था ज्या गावाने केली, त्या गावाला एका चाकाच्या खुर्चीसाठी वाट काढणे अशक्य वाटू नये.

आता या दृष्टीने आजचा प्रवास पाहू. मुंबईहून येणारा पाहुणा पुष्कळदा गेटवेवरून लाँचने मांडव्यास येतो. गेटवेच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या उतरून हलत्या लाँचमध्ये पाऊल टाकावे लागते. भरती-ओहोटीप्रमाणे लाँचची उंची बदलते. धडधाकट माणसाला ही क्षणाची कसरत वाटते. कुबड्या घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र तेथेच प्रवास संपतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि मोठा फरक पडला. मोटार थेट जहाजात जाते आणि थेट धक्क्यावर उतरते. ही सोय वाहनांसाठी केली गेली, परंतु तिचा लाभ आमच्यासारख्यांना आपोआप मिळाला. ज्या वाटेने चाक जाते त्या वाटेने सर्वांनाच जाता येते, हे यावरून ध्यानात यावे.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचे काय? एस. टी. महामंडळ दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते आणि ही सवलत मोलाची आहे. परंतु गाडीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की सवलतीचे तिकीट काढण्यापूर्वी कोणीतरी वर ओढून घेणारा शोधावा लागतो. सवलत देणाऱ्याचा हेतू चांगला आहे, मात्र तो पायरीपर्यंत पोहोचलेला नाही.

चौलमध्ये आल्यावर काय आढळते? नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते हे आपल्या गावाचे सौंदर्य आहे. मात्र त्यांना पदपथ नाही आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी अगदी अंगावरून जातात. रामेश्वराचे मंदिर पुष्करिणीच्या काठी आहे. पुष्करिणी, दीपमाळ आणि मंदिराचे बाह्यरूप खुर्चीत बसूनही डोळे भरून पाहता येते. पर्जन्य, अग्नी आणि वायू अशा नावांची कुंडे मात्र आत मंडपात आहेत आणि जुन्या देवळांना जोते व उंबरा असतोच. भोवाळ्याच्या टेकडीवरील दत्तमंदिराला शेकडो पायऱ्या आहेत. दत्तजयंतीच्या यात्रेत ज्यांचे पाय थकले आहेत, अशी कितीतरी मंडळी पायथ्याशीच हात जोडून परततात. तेथे त्यांना बसायला सावलीतील एखादा बाक असावा, ही अपेक्षा काही मोठी नव्हे.

रेवदंड्याची गोष्ट निराळी आहे. तेथे रस्ताच कोटाच्या तटबंदीतून आत शिरतो. त्यामुळे वाहनात बसूनही तटबंदीचे भव्यपण अनुभवता येते. सातखणी मनोऱ्याकडे जायचे तर मात्र वाडीतील कच्च्या वाटेने जावे लागते. समुद्रकिनाऱ्यावर खुर्चीची पुढची लहान चाके वाळूत रुततात आणि लाटांचा आवाज ऐकत दूर थांबावे लागते. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला उंच आहे, परंतु त्याच्या पायथ्याच्या दीपगृहापाशी वाहन जाते आणि तेथून दिसणारा सागर कोणालाही तृप्त करील. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळी घोडागाड्या जातात. म्हणजे ज्याला वाळूतून चालवत नाही तोही निदान किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचू शकतो.

ही यादी मी तक्रार म्हणून वाचलेली नाही. आपल्या परिसरातील प्रत्येक स्थळ पूर्णपणे खुले किंवा पूर्णपणे बंद असे नसते. काही भाग पाहता येतो, काही येत नाही. कोणता भाग पाहता येतो हे आधी कळले, तर माणूस त्या बेताने निघतो आणि आनंदाने परततो. आधी कळले नाही, तर तो घरच्यांना ओझे झाल्याच्या भावनेने परततो आणि पुन्हा निघत नाही. जो येतच नाही त्याची मोजदाद कोणी करीत नाही. मग "आमच्याकडे असे कोणी येत नाही, मग सोय कोणासाठी करायची?" असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यांत वार्धक्याने गुडघे गेलेले, काठीच्या आधाराने चालणारे आपले आई-वडील बहुधा मोजलेलेच नाहीत.

कोणी म्हणेल, ऐतिहासिक स्थळांना हात कसा लावायचा? डोंगर कसा सपाट करायचा? याला जगाने दिलेली उत्तरे पाहण्याजोगी आहेत. आपल्याच जिल्ह्यात रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. जे शिवरायांच्या राजधानीचे दर्शन केवळ चित्रात घेत होते, ते आज काही मिनिटांत गडावर पोहोचतात. आपल्या गिरनार तीर्थावर ऑक्टोबर २०२० मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला. जानेवारी २००१ मध्ये थोर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी भारतात आले होते. दिल्लीची स्मारके पाहण्याची त्यांची इच्छा होती. तेव्हा स्वतः चाकांच्या खुर्चीत वावरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला आणि जंतरमंतर, कुतुबमिनार येथे लाकडी उतार बसवण्यात आले. दगडाला धक्का न लावता शेकडो वर्षांची वास्तू एका खुर्चीसाठी खुली झाली. ग्रीसमध्ये अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर डिसेंबर २०२० मध्ये नवे उद्‌वाहन सुरू झाले. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूवरून लाटांच्या दिशेने जाणारी लाकडी वाट तयार झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादळाने तिचे नुकसान केले, तेव्हा ती पुन्हा दुरुस्त करण्यात आली. रेवदंड्याची वाळू काही मरिनाच्या वाळूहून निराळी नाही.

या विषयाला कायद्याचीही बाजू आहे, आणि न्यास चालवणाऱ्यांनी ती जाणून घेणे आवश्यक आहे. १९९५ च्या कायद्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. सार्वजनिक इमारतीची त्यातील व्याख्या आपण लक्षपूर्वक वाचावी. सर्वसामान्य जनता जिचा वापर करते अशी शासकीय वा खाजगी इमारत, आणि तीत धार्मिक व सांस्कृतिक कार्यासाठी वापरली जाणारी इमारतही, या व्याख्येत येते. म्हणजे मंदिर, धर्मशाळा, सभागृह हे सर्व त्यात आले. जुन्या इमारतींत सोयी करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ साली संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे त्या निर्णयाचे सार आहे. आमचे नाव 'अपंग' होते, ते 'दिव्यांग' झाले. नाव बदलले याचा आनंद आहे, आता पायरीही बदलावी.

परंतु बंधूंनो, कायद्याच्या भयाने केलेले काम आणि धर्मभावनेने केलेले काम यांत अंतर असते. आपल्या परंपरेत सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्य, ज्याला आपण घरात वैयावच्च म्हणतो, हे तिसरे तप आहे. वृद्ध, ग्लान, अशक्त यांची सेवा म्हणजे उपकार नव्हे, ते करणाऱ्याचेच तप आहे. विहार करणाऱ्या वृद्ध साधु-साध्वींची सेवा आपण मनोभावे करतो. तीच भावना देरासराच्या पायरीपाशी अडलेल्या श्रावकापर्यंत पोहोचावी, एवढेच माझे मागणे आहे.

येथे एक नाजूक प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. मंदिरात चामड्याची वस्तू नेऊ नये, पादत्राणे बाहेर काढावीत, हा आपला नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण जुन्या पद्धतीच्या कॅलिपरला चामड्याचे पट्टे असतात आणि तो बुटाला जोडलेला असतो. बूट काढला तर माणूस उभाच राहू शकत नाही. एका तीर्थस्थानी, ज्याचे नाव मी घेणार नाही, मला दारातच थांबवण्यात आले. थांबवणारा सेवक उद्धट नव्हता. त्याला नियम ठाऊक होता, त्यावरचा उपाय कोणी सांगितला नव्हता.

उपाय आहेत, आणि त्यांतील सर्वांत सुंदर उपाय भारतानेच जगाला दिला आहे. १९६८ साली जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल तयार केले. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. आपला माणूस अनवाणी शेतात जातो, मांडी घालून जेवतो, अनवाणी मंदिरात जातो. ही जीवनपद्धती जाणून रबराचे, पावलासारखेच दिसणारे आणि अनवाणी चालता येईल असे 'जयपूर फूट' घडले. १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते लक्षावधी लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचवले. भगवंतांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने माणसाला मंदिरात जाण्याजोगे पाऊल दिले. आता मंदिराने त्या पावलाला जाण्याजोगी वाट द्यावी. कॅलिपरलाही आज चामड्याऐवजी नायलॉनचे पट्टे लावून मिळतात. रस्त्यावरून आलेली चाके आत नेणे योग्य वाटत नसेल, तर मंदिराची स्वतःची स्वच्छ खुर्ची दारातच ठेवावी आणि तीत माणसाला बसवून घ्यावे. नियमही पाळला जाईल आणि दर्शनही घडेल.

आता प्रत्यक्ष कामाचा थोडा हिशेब मांडतो. उतार बांधताना एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, हे प्रमाण सर्वमान्य आहे. आपल्या दारी प्रत्येकी सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत असे धरू. उंची दीड फूट झाली. त्यासाठी अठरा फूट लांबीचा उतार हवा. जागा अपुरी असेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन तो वळवता येतो. दोन्ही बाजूंस धरायला कठडा हवा आणि पृष्ठभाग खरखरीत हवा. कोकणच्या पावसात गुळगुळीत फरशीचा उतार पायऱ्यांहूनही घातक ठरतो. अनेक ठिकाणी उतार बांधलेला दिसतो, पण तो घसरगुंडीसारखा उभा असतो. असा उतार केवळ अहवालाच्या उपयोगाचा असतो. दाराची मोकळी रुंदी तीन फूट असावी. स्वच्छतागृहात खुर्ची वळवायला पाच फूट जागा असावी आणि त्याचे दार बाहेर उघडणारे असावे. स्वच्छतागृहाची सोय नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पिणे टाळतो. त्याविषयी तो बोलत नाही, म्हणून हे येथे मुद्दाम सांगितले.

दिव्यांग म्हणजे केवळ पायाने अधू असलेला, असा समज आहे. ज्यांना अंधूक दिसते त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला तरी अनेक अपघात टळतील. जे दृष्टिहीन आहेत त्यांना मूर्तीचे, शिल्पाचे, वास्तूचे वर्णन करून सांगणारा कोणीतरी हवा. रामेश्वराच्या पुष्करिणीकाठचा गारवा, पोफळीच्या वाडीचा वास, रेवदंड्याच्या तटाचा दगड हाताला कसा लागतो, हेही पर्यटनच आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी इतिहास फलकावर स्पष्ट अक्षरांत लिहिलेला असावा. प्रवचनाचा सारांश एका पानावर छापून दिला, तर तो सभागृहातील श्रवणयंत्र लावणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

सोयींइतकेच महत्त्व वागणुकीला आहे. मदत करण्यापूर्वी विचारावे. न विचारता खुर्ची उचलणारे हात प्रेमळ असतात, परंतु त्या क्षणी बसलेल्या माणसाच्या जिवाचा थरकाप होतो. त्याच्याशी थेट बोलावे. "यांना पाणी हवे का?" असे सोबतच्याला विचारू नये. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. चाकांच्या खुर्चीतील माणसे योग्य जागा मिळाली तर शिकतात, कमावतात आणि इतरांना आधार देतात, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. डोलीतून शत्रुंजयाची यात्रा करणाऱ्यांच्या श्रद्धेस मी वंदन करतो आणि डोली वाहणाऱ्यांच्या श्रमासही. परंतु जेथे स्वतः जाणे शक्य आहे, तेथे स्वतः जाण्याचे समाधान वेगळे असते. केव्हा यायचे, किती वेळ बसायचे, केव्हा उठायचे, हे माणसाला स्वतः ठरवता आले पाहिजे.

समारोपापूर्वी न्यासापुढे मी चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाच्या स्वतःच्या इमारतींची पाहणी करून एका प्रवेशद्वाराला प्रमाणबद्ध उतार आणि एक सुगम स्वच्छतागृह बांधावे. दुसरी, दोन स्वच्छ चाकांच्या खुर्च्या दारात ठेवाव्यात आणि त्या उपलब्ध असल्याचा फलक बाहेरून दिसेल असा लावावा. तिसरी, आपल्या युवकांनी एका दिव्यांग व्यक्तीला व एका वृद्धाला सोबत घेऊन चौल, रेवदंडा आणि कोर्लईची पाहणी करावी. कोठे किती पायऱ्या, वाहन कोठपर्यंत जाते, बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह कसे आहे, कोणत्या भागात जाता येत नाही, हे सर्व प्रामाणिकपणे लिहून एक छोटी पुस्तिका काढावी. तीत 'सोय नाही' असे लिहायला संकोच करू नये, कारण तेवढ्या एका ओळीने कोणाची तरी व्यर्थ पायपीट वाचेल. चौथी, ग्रामपंचायत आणि अन्य देवस्थानांच्या व्यवस्थापनांशी आदरपूर्वक बोलावे आणि टेकडीच्या पायथ्याशी सावलीतील बाक, किनाऱ्यावर वाळूवरून जाणारी छोटी फळ्यांची वाट, अशा साध्या कामांत आपला वाटा उचलावा.

यांतील एकही काम आपल्या समाजाच्या शक्तीबाहेरचे नाही. ज्या समाजाने पशुपक्ष्यांसाठी पांजरापोळ उभारले, पाणपोया आणि धर्मशाळा बांधल्या, त्याला अठरा फुटांचा उतार जड वाटणार नाही. न्यासाचा हीरक महोत्सव येईल तेव्हा या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण वयाने थकलेले असतील. आज बांधलेली वाट तेव्हा त्यांच्याही उपयोगी पडेल. मात्र तिची गरज ज्याला आज आहे, त्याने दहा वर्षे दाराबाहेर थांबू नये.